कवितेची पदवी आणि ऐकणारी माणसं

मंडळाच्या गेल्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि तसाच राहून गेला. अमेरिकेत म्हणे कविता लिहून पदवी मिळते, तर तिथे दोन वर्षं नेमकं करतात काय? कुणी म्हणालं, शुद्धलेखन शिकवत असतील. कुणी म्हणालं, पोट भरलेल्यांचे चोचले. मी गेलं वर्षभर या अभ्यासक्रमांची माहिती जमवतेय, हे संपादकांना ठाऊक होतं. म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. सुट्टीत घरी, ग्वाल्हेरला आलेय. नई सडकेवरूनच हे लिहितेय. त्यामुळे मधूनमधून ग्वाल्हेर डोकावेल. पण ते उगाच नाही, या विषयाशी आमच्या गावाचा संबंध आहे, तो पुढे येईल.

आधी पदवीचं नाव. मास्टर ऑफ फाइन आर्ट्स, म्हणजे एम.एफ.ए. चित्रकाराला आणि शिल्पकाराला जी पदवी देतात तीच लेखकाला. सगळी कल्पना या नावातच आहे. आपल्याकडे मराठीत एम.ए. करायचं म्हणजे कवितेबद्दल लिहायचं, आणि पीएच.डी. करायची म्हणजे एखाद्या कवीवर चारशे पानं लिहायची. कवी स्वतः त्या पदवीला बसला, तर त्याच्या कविता परिशिष्टातही कुणी घेणार नाही. एम.एफ.ए.मध्ये प्रबंध म्हणून कवितासंग्रहच द्यायचा असतो, किंवा कथासंग्रह, किंवा कादंबरी. चित्रकलेचा विद्यार्थी शेवटी चित्रं मांडतो, तसं.

याची सुरुवात आयोवा विद्यापीठातली. अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांच्या प्रदेशात आयोवा सिटी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या विद्यापीठाचे पदव्युत्तर विभागाचे डीन कार्ल सीशोर यांनी 1922 साली जाहीर केलं की वरच्या पदवीसाठी सर्जनशील लेखनही प्रबंध म्हणून स्वीकारू. सीशोर मानसशास्त्रज्ञ होते, आणि त्यांचा मोठा अभ्यास संगीताच्या आकलनाचा होता. (हे मला फार आवडलं. साहित्याच्या प्राध्यापकाला बहुधा हे सुचलं नसतं.) 1936 साली विल्बर श्रॅम यांच्या हाताखाली ‘रायटर्स वर्कशॉप’ रीतसर सुरू झालं. 1941 ते 1965 पॉल एंगल हा कवी त्याचा प्रमुख होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांना सरकारी खर्चाने शिकता येत होतं. त्यांची गर्दी झाली आणि वर्ग नदीकाठच्या पत्र्याच्या लष्करी बराकींमध्ये भरू लागले. जगातला सगळ्यात नावाजलेला लेखनवर्ग अनेक वर्षं पत्र्याखाली बसत होता.

त्याच काळात जॉर्जियाहून फ्लॅनरी ओ’कॉनर नावाची मुलगी तिथे आली. एंगलच्या खोलीत जाऊन ती काय म्हणाली ते तिच्या दक्षिणी उच्चारांमुळे एंगलला कळेना. शेवटी त्याने तिला कागदावर लिहायला सांगितलं. तिने नाव लिहिलं आणि वर्कशॉपमध्ये येऊ का, असं विचारलं. वर्गात तिच्या कथा पुष्कळदा दुसरंच कुणी वाचून दाखवायचं, असं सांगतात. 1947 साली तिला पदवी मिळाली, प्रबंध म्हणजे कथासंग्रह. पुढे अमेरिकन कथेत तिचं नाव कुठे गेलं ते इंग्रजी घेतलेल्यांना सांगायला नको. तिचा हा उच्चारांचा प्रसंग मात्र लक्षात ठेवा, कारण नई सडकेच्या माणसाला तो जवळचा वाटतो.

तर वर्गात होतं काय?

दहा-पंधरा जण एका टेबलाभोवती बसतात. दर आठवड्याला दोघा-तिघांचं लेखन चर्चेला असतं. ते आधीच सगळ्यांना दिलेलं असतं. प्रत्येकाने ते घरी दोनदा वाचून, समासात खुणा करून आणायचं. चर्चा सुरू झाली की ज्याचं लेखन आहे त्याने गप्प बसायचं. खुलासा नाही, ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ नाही. तो खोलीत नाहीच असं समजून बाकीचे बोलतात: इथे मी अडखळले, हा मामा तिसऱ्या पानावर गायब झाला, शेवट दोन परिच्छेद आधीच झाला होता. शेवटी लेखकाला दोन मिनिटं मिळतात आणि सगळे आपापल्या खुणा केलेल्या प्रती त्याच्या हातात देऊन जातात. शिक्षक स्वतः लिहिणारा असतो. तो व्याख्यान देत नाही, चर्चा हाकतो. याशिवाय वाङ्मयाचे सेमिनार असतात. तिथे एखादी कादंबरी ‘थोर का आहे’ म्हणून वाचायची नसते, ‘ही बांधली कशी आहे’ म्हणून वाचायची असते. दोन वर्षं, चार सत्रं. प्रवेश मिळतो तो मुख्यतः लेखनाच्या नमुन्यावर. गुणपत्रिकेकडे दुय्यम लक्ष.

गप्प बसण्यामागची गोष्ट साधी आहे. पुस्तक छापून दुकानात गेलं की लेखक वाचकाशेजारी बसून खुलासे करत नाही. मग त्याची सवय आधीच झालेली बरी.

पण हा नियम सगळ्यांना सारखा लागतो का, याबद्दल अलीकडे तिकडे बरंच बोललं जातंय. मॅथ्यू सॅलेसेस या कोरियन-अमेरिकन लेखकाने 2021 मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की टेबलाभोवतीचे दहा जण ज्याला ‘वाचक’ म्हणतात तो त्यांच्यासारखाच असतो. ज्याचं घर, जेवण, भाषा वेगळी आहे त्याला मग गप्प बसून ऐकावं लागतं की तुझ्या कथेतलं अमुक कळत नाही. म्हणजे दोष कथेचा नसून टेबलाचा असला, तरी कागदावर खूण होते ती कथेच्याच.

हे वाचताना मला आपल्याच मंडळातली एक दुपार आठवली. माझ्या कथेत आजी ‘छतावर’ पापड वाळत घालते. चर्चेत तीन जणांनी ‘छत’ला गोल केला होता: मराठीत गच्ची म्हणतात, छत म्हणजे खोलीतून वर दिसतं ते. शब्दकोशाच्या हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. पण नई सडकेवर माझ्या आजीने आयुष्यात गच्ची म्हटलेलं नाही. आमच्याकडे छतावर ऊन खातात, मोहल्ल्यात भांडणं होतात, आणि थंडीत रजईतून कुणी उठत नाही. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली राजधानी उज्जैनहून इथे आणली आणि किल्ल्याखाली छावणी पडली. तिचंच ‘लष्कर’ नावाचं शहर झालं. तेव्हापासून इथली मराठी हिंदीच्या मांडीला मांडी लावून बसलीय. दोनशे वर्षांत तिने शेजारणीकडून चार भांडी उसनी आणली असतील, त्यात नवल ते काय?

पुढच्या महिन्यात तीच कथा मी मंडळात मोठ्याने वाचली. एक शब्द बदलला नव्हता. ‘छत’ आलं आणि गेलं, कुणी थबकलं नाही. आवाजात आजी होती, त्यामुळे शब्दाला घर मिळालं. उलट, कागदावर सगळ्यांना आवडलेला एक लांबलचक वर्णनाचा परिच्छेद वाचताना खोलीतल्या खुर्च्या कुरकुरायला लागल्या. तो मी नंतर निम्मा केला. कागदावरची चर्चा आणि मोठ्याने वाचणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, हे मला माहितीपत्रकांनी सांगितलं नव्हतं.

आता या कार्यक्रमांच्या दुसऱ्या अंगाकडे येते, ज्याबद्दल आपण बैठकीत बोललोच नाही: जाहीर वाचनं.

जवळजवळ प्रत्येक एम.एफ.ए. विभाग वर्षभर वाचनांची मालिका चालवतो. बाहेरचा लेखक येतो, विद्यार्थी वाचतात, शेवटच्या सत्रात प्रबंधातला भाग वाचून दाखवतात. प्रवेश फुकट, आणि कुणीही यावं: गावातला निवृत्त मास्तर, शेजारची बाई, दुसऱ्या विभागाचे विद्यार्थी. आयोवा सिटीत प्रेअरी लाइट्स नावाचं पुस्तकांचं दुकान आहे, 1978 पासूनचं. वाचनं तिथेच, पुस्तकांच्या कपाटांमध्ये खुर्च्या मांडून होतात. अनेक वर्षं ती रेडिओवरून प्रसारितही व्हायची. पद्धत अगदी कोरडी. कुणीतरी दोन मिनिटं ओळख करून देतं, वाचणारा पंधरा-वीस मिनिटं कागदावरून वाचतो, टाळ्या, आणि लोक कॉफीकडे वळतात. हार नाही, दीपप्रज्वलन नाही, आणि मुख्य म्हणजे क्रमांक नाही.

शेवटचा शब्द मी मुद्दाम लिहिलाय. आपल्याकडे महाविद्यालयात कविता मोठ्याने वाचायची संधी मिळते ती बहुतेक वेळा स्पर्धेत. परीक्षक बसलेले, हातात गुणांचा तक्ता: आशय दहा, सादरीकरण दहा. मग कविता निवडली जाते ती दहापैकी आठ मिळवणारी. अर्धवट जमलेलं, अजून डळमळणारं काही वाचून बघायला जागाच नाही. ज्याला नंबर मिळत नाही तो पुढच्या वर्षी येत नाही, आणि ज्याला मिळतो तो तीच कविता चार महाविद्यालयांत फिरवतो. (आपलीही ढाल कपाटात आहे, ठाऊक आहे.)

जाहीर वाचन ही तिकडून आणायची गोष्ट आहे असं मात्र मुळीच नाही. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरलं, तेव्हा त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणायला उभा राहिला. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर इतके खूश झाले की त्यांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं, आणि ते नाव आपण आज शंभरावर वर्षं वापरतोय. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. टिळकांच्या घरात काय चालत असे, माणसांची किती वर्दळ असे, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त वाचावं. एक मोठा कवी, घरात राहणारा एक होतकरू कवी, दिवसरात्र कवितेच्या गप्पा आणि जेवणाची सोय. यात आणि विद्यापीठाच्या निवासी शिष्यवृत्तीत मला फक्त अर्जाचा फरक दिसतो.

पुण्यात 1923 साली रविकिरण मंडळ जमलं. रविवारी चहाला भेटायचं आणि एकमेकांच्या कविता ऐकायच्या, अशी ती सुरुवात. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई आणि श्रीधर रानडे ही त्यातली माणसं. त्यांनी काव्यगायनाचे कार्यक्रम गावोगाव नेले. त्यानंतरच्या पिढीला ते गाणं नको झालं. कविता गळ्यावर तरून जाते, अशी तक्रार होती. मग विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी न गाता, नुसत्या म्हणण्यावर महाराष्ट्रभर सभागृहं भरवली. कथेत तेच काम शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी केलं.

यात एक धोकाही आहे. व्यासपीठाला हशा आवडतो. एकदा हशा आला की हात पुढच्या वेळी हशाकडेच वळतो. आमच्याकडे ग्वाल्हेरला हिवाळ्यात मोठा व्यापार मेळा भरतो, माधवराव शिंद्यांनी 1905 साली सुरू केलेला. त्यात कविसंमेलन आणि मुशायरा असतो. रात्रभर ‘वाह वाह’, ‘फिर से पढ़िए’. मजा येते, मी लहानपणापासून जातेय. पण मंचावर चालणारी कविता आणि चार जणांच्या गोष्ठीत वाचायची कविता, या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे ग्वाल्हेरचं शेंबडं पोरही सांगेल. अमेरिकन वाचनाचा कोरडेपणा मला म्हणून बरा वाटतो. तिथे दाद म्हणजे शांतता. ती पेलणं मात्र सोपं नसतं. तिथल्या तरुण कवींचा एक ठरावीक वाचनस्वर तयार झालाय, प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज लोंबकळत ठेवायचा, आणि त्यावर तिकडे विनोदही होतात. कोरडेपणाचीही एक शैली होतेच.

आता नेहमीचा आक्षेप: लिहायला शिकवता येतं का? प्रतिभा वर्गात कशी येणार?

हा प्रश्न ग्वाल्हेरला साहित्यासाठी कुणी विचारला नाही, पण गाण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी विचारून झालाय. ग्वाल्हेर हे ख्यालाचं माहेर. विद्या गुरूच्या घरी राहून, पाणी भरून, वर्षानुवर्षं ऐकून मिळायची. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर अशाच खस्ता खाऊन शिकले आणि ही गायकी त्यांनी महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं: वर्ग, फी, परीक्षा, आणि तिकीट लावून जाहीर जलसे. ग्वाल्हेरात कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 साली वडिलांच्या नावाने शंकर गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. 1918 साली भातखंड्यांच्या योजनेतून आणि शिंदे सरकारच्या आश्रयाने माधव संगीत महाविद्यालय उघडलं. भातखंड्यांनी घराण्यांच्या चिजा मिळवून स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकं केली, तीही मराठीत. तेव्हा जुन्या मंडळींचा आक्षेप अक्षरशः तोच होता: फळ्यावर लिहून का गाणं येतं?

उत्तर काय निघालं? फळ्यावरून थोर गवई फारसे निघाले नाहीत, हे खरं. पण पलुस्करांच्या नावावर एक बोल सांगतात, की तानसेन नाही घडले तरी कानसेन घडतील. आणि ते घडले. मध्यमवर्गातल्या मुली गाणं शिकू लागल्या, मैफलीला जाणता श्रोता मिळाला, गवयाला नोकरी आणि मान मिळाला. आज ग्वाल्हेरात राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचं संगीत आणि कलांचं विद्यापीठ आहे, 2008 पासून. गाण्याच्या परीक्षेत लोकांसमोर बसून गावं लागतं, ‘मंचप्रदर्शन’ म्हणतात त्याला. नुसता रागाचा इतिहास लिहून कुणाला गायनाची पदवी देत नाहीत. म्हणजे एम.एफ.ए.चं तत्त्व आमच्या गावात मान्य आहे, फक्त गाण्यापुरतं.

युनेस्कोने 2008 साली आयोवा सिटीला ‘साहित्याचं शहर’ म्हटलं आणि 2023 साली ग्वाल्हेरला ‘संगीताचं शहर’. भारतातलं साहित्याचं शहर त्याच वर्षी कोळिकोड झालं. आमच्या गावाला संगीताची पाटी मिळाली यात अन्याय काही नाही. पण याच गावात भा. रा. तांबे राजकवी होते आणि इथेच 1941 मध्ये गेले. 1961 साली इथल्या मराठी साहित्य संमेलनात कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या, त्या पदावर बसलेल्या पहिल्या स्त्री. ग्वाल्हेर संस्थानातल्याच श्योपूरला 1917 साली गजानन माधव मुक्तिबोध जन्मले. घर मराठी, थोरला गजानन हिंदीत लिहिता झाला, धाकटा शरच्चंद्र मराठीत. एकाच स्वयंपाकघरातून दोन भाषांचे दोन मोठे कवी.

नई सडकेवरच्या आमच्या पिढीत मात्र ही निवड कुणाला करावी लागत नाही. मराठी बोलायची, बाकी सगळं हिंदीत. किराण्याची यादी हिंदीत, शाळा हिंदी किंवा इंग्रजीत, वाढदिवसाचे निरोप रोमन अक्षरांत. लिपी एकच, म्हणून मराठी वाचता सगळ्यांना येतं. वाचत कुणी नाही. पण ऐकतात! गेल्या डिसेंबरात छतावर, उन्हात, शेंगा सोलत बसलेल्या अकरा जणांना मी ती पापडाची कथा वाचून दाखवली. आतेभाऊ मोबाइल खाली ठेवून ऐकत होता. मुंबईत जिथे कुणी हसलं नव्हतं तिथे सगळे हसले. आणि काकू म्हणाली, “हे असं लिहितात होय मराठीत? मला वाटायचं पुस्तकातली मराठी म्हणजे वेगळीच असते.” मग तिने स्वतः तिच्या सासूची एक गोष्ट सांगितली, ती मी लिहून घेतली आहे. इथे जे मोठ्याने म्हटलं जाणार नाही ते राहणार नाही, कारण कागदावर ते कुणी ठेवतच नाही. मी माहितीपत्रकं का चाळत होते त्याचं कारण हेच. मला ही मराठी लिहायला शिकायचीय आणि ती कुठे शिकवतात ते शोधत होते.

आयोवात ती शिकवत नाहीत, हे उघड आहे. तिथला मुख्य अभ्यासक्रम इंग्रजीचा. पण दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. एक, त्याच विद्यापीठात स्पॅनिशमध्ये सर्जनशील लेखनाची एम.एफ.ए. आहे, आणि साहित्यिक अनुवादाचीही वेगळी आहे. म्हणजे पद्धत इंग्रजीला बांधलेली नाही. दुसरी, एंगल आणि चिनी लेखिका ह्वालिंग न्ये यांनी 1967 साली तिथे ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम’ सुरू केला. तो पदवीचा नाही. जगभरातले लिहिते लेखक काही महिने येऊन राहतात, आपापल्या भाषेत लिहितात, आणि जाहीर वाचनात भाग घेतात. गावातल्या त्याच पुस्तकांच्या दुकानात हे पाहुणे आणि वर्कशॉपचे विद्यार्थी एकत्र वाचतात. हिंदीचे श्रीकांत वर्मा तिथे जाऊन आले. आपले दिलीप चित्रे 1975 ते 1977 तिथे होते. चित्रे जन्माने बडोद्याचे, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठीतले. परतल्यावर ते ऐंशीच्या दशकात भोपाळच्या भारत भवनात कवितेचं ‘वागर्थ’ केंद्र बघत होते. त्यांचा तुकोबांचा इंग्रजी अनुवाद 1991 साली पुस्तकरूपात आला, आणि 1994 साली स्वतःच्या मराठी कवितेसाठी व त्या अनुवादासाठी असे साहित्य अकादमीचे दोन्ही सन्मान त्यांना मिळाले. आयोवाने चित्र्यांना लिहायला शिकवलं, असं कुणी म्हणणार नाही. त्यांना दोन वर्षं वेळ आणि ऐकणारी माणसं मिळाली.

या कार्यक्रमांना निर्मळ पाणी समजू नका, हेही सांगते. एरिक बेनेट या अभ्यासकाने दाखवलंय की एंगलने पैसा उभा करताना शीतयुद्धाचा उपयोग करून घेतला. देणगीदारांत सीआयएच्या पैशांची वाट असलेली एक संस्थाही होती. आणि एकाच वर्गातून पिढ्यान्पिढ्या लेखक निघाले की चवही एकसारखी होऊ लागते. आपल्याकडे वर्ग नव्हता, पण गिरगावात खटाववाडीत ‘सत्यकथे’चं संपादकांचं टेबल होतं. राम पटवर्धन नवोदितांना पानापानांची पत्रं लिहून कथा पुन्हा पुन्हा लिहायला लावत. कित्येक जण तिथे घडले. आणि साठच्या दशकाच्या अखेरीस लघुनियतकालिकांच्या तरुणांनी त्याच सत्यकथेचा अंक जाळला, कारण त्या टेबलावर त्यांची भाषा बसत नव्हती. माझ्या मते दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या, टेबलही आणि त्याबाहेरची चिडलेली मुलंही.

पैशांचं थोडक्यात. काही विभाग पदवीपूर्व वर्गांना शिकवण्याच्या बदल्यात फी माफ करतात आणि वर विद्यावेतन देतात. काही विभाग प्रचंड फी घेतात. पहिल्या प्रकारात प्रवेश मिळाला तरच जावं. कवितासंग्रहाच्या विक्रीतून शैक्षणिक कर्ज फिटलेलं माणूस माझ्या ऐकण्यात नाही. ज्यांना घरबसल्या याच विषयात खोल जायचंय त्यांनी विलास सारंगांचं ‘सर्जनशोध आणि लिहिता लेखक’ वाचावं. सारंग मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहायचे, अमेरिकेतून पीएच.डी. करून आले होते, आणि मुंबई विद्यापीठात शिकवत होते.

मंडळापुढे मी एक प्रस्ताव ठेवलाय, तो संपादकांच्या परवानगीने इथेही देते. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, ग्रंथालयाशेजारच्या लहान खोलीत वाचन. तीन जण, प्रत्येकी बारा मिनिटं, घड्याळ लावून. परीक्षक नाहीत, सूत्रसंचालकाच्या चारोळ्याही नाहीत. आदल्या शनिवारी त्याच तिघांचं लेखन टेबलावर चर्चेला घ्यायचं, आयोवाच्या पद्धतीने. फक्त गप्प बसायच्या नियमात एक फट ठेवायची. लेखकाला सुरुवातीला सांगता येईल की कोणत्या शब्दांना हात लावायचा नाही, आणि का. मालवणी, अहिराणी, वाडवळी, इंदूर-ग्वाल्हेरची, बेळगावची, ज्याची जी असेल ती घरची मराठी चालेल. वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरं नकोत, चहा हवा. आणि प्रत्येकाने दोन प्रती आणायच्या: एक वाचायला, दुसरी मंडळाच्या फायलीत ठेवायला.